पलटी नांगराच्या गळक्या सिलिंडरची दुरुस्ती : प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

माळशिरस तालुक्यातील एका ऊस बागायतदाराचा दोन फाळांचा हायड्रॉलिक पलटी नांगर आज दुरुस्तीसाठी वर्कशॉपमध्ये आला. पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमागे चालणारा हा नांगर घरच्या रानाबरोबर भाड्याच्या नांगरटीलाही जातो. खोडवा मोडून झालेली रानं रोहिणीच्या आधी नांगरून तापत टाकायची घाई असल्याने मालकांना तो लवकरात लवकर परत हवा आहे. पलटीचा जॅक, म्हणजे नांगर उलटवणारा हायड्रॉलिक सिलिंडर, ग्लँडपाशी (त्याचा सरकता दांडा, म्हणजे रॉड, जिथून बाहेर येतो त्या झाकणापाशी) गळतो आणि ट्रॅक्टरमध्ये सारखे तेल घालावे लागते, एवढीच त्यांची तक्रार होती. चालकाने बोलता बोलता जी माहिती दिली, ती मात्र मला तक्रारीपेक्षा महत्त्वाची वाटली. याच सिलिंडरचे सील किट (तेल अडवणाऱ्या कड्यांचा संच) गेल्या हंगामात दुसरीकडे बदलून घेतले होते आणि ऊसतोडणी संपायच्या आतच ते पुन्हा गळू लागले होते.

चांगल्या स्थितीतल्या सिलिंडरमध्ये नवे सील इतक्या लवकर जात नाही. म्हणून जॉब कार्डावर ‘सील किट बदलणे’ असे न लिहिता ‘गळतीचे कारण शोधून दुरुस्ती’ असे लिहिले आणि त्यासाठी लागणाऱ्या जादा दिवसांची कल्पना मालकांना दिली. ते फारसे खूश झाले नाहीत. पण खरिपाच्या तोंडावर नांगर पुन्हा उभा राहण्यापेक्षा आत्ता आठवडा गेलेला परवडेल, हे त्यांनी मान्य केले.

वरवर पाहता सिलिंडरच्या तोंडाशी तेलात कालवलेल्या काळ्या मातीचा जाड थर आहे. हा थर आज मुद्दाम काढला नाही. तेल नेमके कोठून निघते हे पाहण्याआधी प्रेशर वॉशरने सगळे लख्ख केले, तर पुढच्या तपासणीचा निम्मा पुरावा वाहून जातो. दोन्ही टोकांच्या ग्रीस निपलांवर रंगाचे पापुद्रे आहेत, म्हणजे त्यांत ग्रीस गेल्याला बराच काळ लोटला असावा.

१३ एप्रिल, रविवार

सिलिंडर नांगरावरच ठेवून ट्रॅक्टर जोडून तपासणी केली. त्याआधी मदतनीस मुलाला एक गोष्ट पुन्हा बजावली : दाबाखाली असलेल्या सिलिंडरची किंवा होज पाइपची गळती हाताने चाचपायची नाही. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते, वरून नुसता ठिपका दिसतो आणि दुखणेही सुरुवातीला फारसे जाणवत नाही. प्रत्यक्षात ती तातडीच्या शस्त्रक्रियेची जखम असते आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

नांगर पलटताना सिलिंडर आधी आखडतो आणि सांगाडा ओढून उभा करतो. सांगाडा मध्यबिंदू ओलांडून गेला की सिलिंडर पुन्हा लांबतो आणि सांगाड्याला दुसऱ्या बाजूला टेकवतो. आखडताना दाब रॉडच्या बाजूच्या तेलावर असतो, म्हणजे ग्लँडमधल्या सीलवर. लांबताना तो पिस्टनच्या मागे, बुडाच्या बाजूला असतो. पुठ्ठा धरून दोन्ही वेळा पाहिले, तेव्हा आखडताना रॉडच्या खालच्या अंगाने तेल धारेने निघाले आणि लांबताना रॉड नुसता ओला होऊन बाहेर आला. ग्लँडची बाहेरची कड, म्हणजे जिथे ग्लँड बॅरलच्या (सिलिंडरच्या नळीच्या) आट्यांत बसतो ती जागा, पुसल्यावर कोरडीच राहिली. त्यामुळे ग्लँडच्या बाहेरचा ओ-रिंग (गोल रबरी कडे) ठीक असून दोष रॉड सीलपाशी आहे, हे निश्चित झाले.

इथे एक लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. चालकाने रानात ग्लँडला पाना लावून तो आवळण्याचा प्रयत्न केला होता, त्याच्या खुणा ग्लँडच्या तोंडावर दिसतात. ही सवय विहिरीवरच्या पंपाची आहे. तिथे ग्लँडमध्ये ग्रॅफाइटची दोरी भरलेली असते आणि ग्लँड आवळला की दोरी दाबली जाऊन शाफ्टला घट्ट बसते, त्यामुळे ठिबक खरोखरच थांबते. या सिलिंडरमधले सील ग्लँडच्या आतल्या खाचेत मोकळे बसलेले असते आणि तेलाच्या दाबानेच त्याचे ओठ उघडून रॉडला चिकटतात. ग्लँड कितीही आवळला तरी त्या सीलला त्याचा पत्ताही लागत नाही.

गळती एकाच अंगाने आहे, ही आजची सर्वांत उपयोगी नोंद. नुसते जुने होऊन गेलेले सील साधारण सगळीकडून सारखे पाझरते.

१४ एप्रिल, सोमवार

डॉ. आंबेडकर जयंतीमुळे बाजारपेठ बंद. इंजिन बंद ठेवून, नांगर जमिनीवर टेकवून, लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून पाइपांतला दाब काढला आणि सिलिंडर उतरवला. पिना सहज निघाल्या नाहीत. रॉडच्या टोकाची पिन एका बाजूने पायरी पडेपर्यंत झिजली आहे आणि तिचा बूश (पिनेभोवतीचे कडे) अंडाकृती झाला आहे. पाइपांच्या तोंडांना लगेच टोपणे लावली.

१५ एप्रिल, मंगळवार

उघडण्याआधी पिस्टन सीलची चाचणी उरकली. सिलिंडर बाकावर व्हाइसमध्ये पक्का धरून बुडाच्या बाजूला ट्रॅक्टरचा पाइप जोडला, रॉडच्या बाजूचे छिद्र मोकळे ठेवून त्याला लावलेला नळीचा तुकडा बादलीत सोडला आणि रॉड शेवटापर्यंत बाहेर जाऊ दिला. रॉड टेकल्यानंतरही दाब चालू ठेवला. पिस्टन सील गेलेले असते, तर तेल पिस्टन ओलांडून बादलीत येत राहिले असते. सुरुवातीचे तेल येऊन गेल्यावर नळी जवळजवळ कोरडी झाली, तेव्हा पिस्टन सील अजून काम देते आहे.

ही चाचणी करताना रॉडच्या बाजूचे छिद्र बूच मारून बंद करण्याचा मोह काही जणांना होतो, तो कटाक्षाने टाळावा. या सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ६३ मिमी आणि रॉड ३२ मिमी आहे. पिस्टनच्या बुडाच्या बाजूचे क्षेत्रफळ ३१.२ चौरस सेंटिमीटर येते आणि रॉडच्या बाजूचे, रॉडची जागा वजा जाता, २३.१ चौरस सेंटिमीटर. बुडाला १८० बार दाब दिला आणि दुसऱ्या बाजूचे तेल कोंडले, तर त्या कोंडलेल्या तेलाचा दाब क्षेत्रफळांच्या प्रमाणात वाढून २४० बारच्या पुढे जातो. तेवढ्यासाठी ना तो पाइप बनवलेला असतो, ना ग्लँडचे आटे.

यानंतर सिलिंडर खोलला. ग्लँड बॅरलच्या आतल्या आट्यांत बसवलेला असून तो फिरू नये म्हणून बाजूने एक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) आहे. मागच्या कारागिराने हा स्क्रू न काढताच ग्लँड छिन्नी-हातोड्याने फिरवलेला दिसतो, कारण स्क्रूसमोरच्या आट्यांवर ओरखडा आहे आणि पान्याच्या खाचा मोडल्या आहेत. पट्टीला दोन पिना वेल्ड करून हव्या त्या मापाचा पाना आधी तयार केला, ग्रब स्क्रू काढला आणि मग ग्लँड हलका झटका देताच सुटला. पिस्टन बाहेर काढण्यासाठी कॉम्प्रेसरची हवा लावण्याची पद्धत आमच्याकडे सर्रास दिसते. हवा दाबली जाते आणि ती दाबातली ताकद साठवून ठेवते. अडकलेला पिस्टन एकदम सुटला, तर रॉड बंदुकीच्या गोळीसारखा सुटून समोरच्याच्या छातीत बसू शकतो. आम्ही तेल निथळून घेऊन रॉड हाताने, सरळ रेषेत हळूहळू ओढून काढला.

निघालेले तेल तपकिरी आहे आणि त्यात बारीक चकाकी आहे. चुंबक फिरवल्यावर त्यातला काही भाग चुंबकाला लागला, बाकीचा लागला नाही. न लागलेला कीस हा क्रोमचा असावा, असा माझा कयास आहे आणि रॉडकडे पाहून तो पक्का झाला.

जुने रॉड सील ग्लँडमधून काढून भिंगाखाली पाहिले. त्याचे ओठ, म्हणजे तेलाकडची बाजू, जवळजवळ शाबूत आहेत. खराब झाली आहे ती मागची टाच. टाचेची रॉडला लागणारी कड एका बाजूला अर्ध्या परिघाच्या थोडी आत इतकी उंदराने कुरतडल्यासारखी झाली आहे, दुसऱ्या बाजूला ती नव्यासारखी धारदार आहे. सीलच्या मागे रॉड आणि ग्लँड यांच्यामध्ये फट जास्त झाली की दाबाखाली सीलचे रबर त्या फटीत ढकलले जाते, रॉड सरकताना तो फुगवटा कापला जातो आणि असे पुन्हा पुन्हा होऊन कड झडते. हे सील हलक्या दर्जाचे नव्हते, उलटे बसवलेले नव्हते आणि जुनेही झालेले नव्हते. ते ज्या घरात बसवले, ते घर एका बाजूने मोठे झालेले होते.

१६ एप्रिल, बुधवार

सगळे भाग डिझेलमध्ये धुऊन, फडक्याचे तंतू राहू नयेत म्हणून हवेने वाळवून मापे घेतली.

बॅरल : टॉर्चच्या उजेडात आतून सर्व बाजूंनी पाहिला. लांबीच्या दिशेने बोटाच्या नखाला लागेल असा एकही ओरखडा नाही. बोअर गेजने तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना माप घेतले. सर्वांत मोठे ६३.०४ मिमी आले. या मापाच्या होन केलेल्या (आतून घासून गुळगुळीत केलेल्या) नळीला एच ८ सहिष्णुतेनुसार, म्हणजे मापातल्या फरकाच्या ठरलेल्या मर्यादेनुसार, ६३.००० ते ६३.०४६ मिमीची मुभा असते. बॅरल उत्तम आहे, त्याला हात लावायचा नाही.

ग्लँड : तो बिडाचा असून रॉडला आधार देणारी वेगळी गाइड रिंग त्यात नाही, रॉड थेट बिडावरच घासतो. स्वस्त सिलिंडरमध्ये अशी रचना असते आणि ग्रीस-पाणी व्यवस्थित असेल, सिलिंडर सरळ ओढत असेल, तर ती वर्षानुवर्षे चालतेही. इथे बोअरचे माप एका दिशेने ३२.०८ मिमी आणि काटकोनात ३२.४१ मिमी आहे, म्हणजे ग्लँड एका बाजूने उघडच झिजला आहे. झिजलेली बाजू आणि सीलची कुरतडलेली बाजू एकच निघाली.

रॉड : तीन वेगवेगळे दोष एकावर एक आले आहेत. पहिला, मधल्या पट्ट्यात खालच्या अंगाला गंजाचे खड्डे. क्रोम स्वतः गंजत नाही, पण हार्ड क्रोमच्या थरात अगदी सूक्ष्म भेगा असतातच. नांगर पावसाळ्यात रॉड बाहेर ठेवून उघड्यावर उभा राहिला की त्या भेगांतून ओल आतल्या पोलादापर्यंत पोहोचते, पोलाद गंजून फुगते आणि वरचे क्रोम टिकलीएवढे उचलून टाकते. दुसरा दोष मागच्या दुरुस्तीचा आहे. त्या खड्ड्यांवर कोणीतरी पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने घासला आहे. खड्ड्यांच्या कडा त्याने थोड्या बोथट झाल्या असतील, पण लांबीच्या दिशेने पडलेला प्रत्येक ओरखडा सीलखालून तेल जायला पाट काढून देतो. तिसरा दोष व्ही ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावल्यावर दिसला. रॉड मध्यभागी वाकलेला असून फिरवताना गेजचा काटा ०.६ मिमी हलतो, म्हणजे रॉडला ०.३ मिमीचा बाक आहे.

बाकाची दिशा, ग्लँडच्या झिजेची दिशा आणि रॉडच्या टोकाच्या पिनेवर पडलेली पायरी या तिन्ही खुणा रॉड मूळ जागी धरून जुळवून पाहिल्या. तिन्ही एकाच पातळीत येतात. सिलिंडरने नुसते ओढावे आणि ढकलावे, आडवा भार त्याच्यावर येऊ नये, हे त्याच्या रचनेतच गृहीत आहे. या रॉडवर प्रत्येक पलटीला आडवा भार येत होता. सिलिंडर खाली उतरवल्यावर तो भार कोठून येतो हे दिसत नाही, त्यासाठी नांगराच्या सांगाड्याकडे जावे लागेल.

१७ एप्रिल, गुरुवार

सांगाड्यावर ज्या दोन कानांमध्ये सिलिंडरची टोके पिनांनी बसतात, त्या दोन्ही कानांच्या छिद्रांत लांब सरळ सळया घातल्या आणि त्यांच्यामधले अंतर दोन्ही टोकांना मोजले. एका टोकाला ४१२ मिमी, दुसऱ्याला ४०५ मिमी. दोन्ही पिना समांतर असायला हव्यात. इथे फिरत्या बाजूचा कान तिरका आहे. त्याच्या मुळाशी वेल्डिंगचा एक जुना, ओबडधोबड जोड आहे आणि त्यावर रंग आहे. बहुधा दगडाला फाळ अडकून कान उचकटला असावा आणि रानातच जोडून घेतला असावा. पिनेत आणि बूशात ग्रीस असते, तर थोडा तिरकसपणा त्या सैलपणात जिरला असता. पिना कोरड्या पडून जाम झाल्यामुळे तो सगळा रॉडला सोसावा लागला.

मालकांना बोलावून सांगाडा, रॉड आणि सील एकत्र ठेवून दाखवले. सील किट रॉड आणि लेथच्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून सुरुवातीला त्यांचा कल फक्त सील बदलण्याकडे होता. सीलची टाच भिंगातून पाहिल्यावर त्यांनी स्वतःच विचारले, “म्हणजे मागच्या वेळी किट बदलणाऱ्याचा दोष नव्हता म्हणायचा?” सील बसवण्यात त्याचा दोष नव्हता, असे मी सांगितले. पॉलिश पेपरबद्दल काही बोललो नाही.

रॉड सरळ करून पुन्हा क्रोम करून घेणे हा एक मार्ग होता. त्यासाठी जुने क्रोम उतरवणे, ग्राइंडिंग, क्रोम चढवणे आणि पुन्हा ग्राइंडिंग असा प्रवास होतो आणि त्यात खड्डे खोल असतील तर रॉडचा व्यास राखणे कठीण जाते. ३२ मिमीचा तयार क्रोम रॉड सोलापुरात लांबीवर कापून मिळतो, तोच घ्यायचे ठरवले.

१९ एप्रिल, शनिवार

रॉड आला. मायक्रोमीटरने तीन ठिकाणी ३१.९६ ते ३१.९७ मिमी भरला, म्हणजे एफ ७ या रॉडसाठीच्या मर्यादेत बसतो. नखाने आणि भिंगाने पूर्ण लांबी तपासून घेतली. विकत घेतलेल्या क्रोम बारवरही वाहतुकीत एखादा टोचा पडलेला असतो.

पिस्टनकडचे आटे आणि पायरी लेथवर जुन्या रॉडच्या मापाने काढल्या. पायरीच्या कडेला आणि आट्यांच्या सुरुवातीला व्यवस्थित उतार घेतला, कारण धारदार कड राहिली तर नवे सील त्यावरून सरकवतानाच कापले जाते. ग्लँड मोठा करून त्यात गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बूश दाबून बसवला. बूशाचा आतला बोअर आणि सीलची खाच एकाच बांधणीत, ग्लँड चकमधून न काढता फिनिश करायला सांगितले होते आणि ते मी उभे राहून करवून घेतले. चक उघडून पुन्हा पकडला की केंद्र थोडे तरी हलते, आणि त्या थोड्याचाच तर सगळा प्रश्न आहे. बोअर ३२.०४ मिमीला थांबवला.

रॉडच्या टोकाला डोळा वेल्ड करणे हे या कामातले सर्वांत नाजूक काम. क्रोम रॉडचे पोलाद मध्यम कार्बनचे, सुमारे ०.४५ टक्क्यांचे असते. असे पोलाद थंड असताना वेल्ड केले आणि उघड्यावर गार होऊ दिले, तर जोडालगतचा भाग काचेसारखा ठिसूळ होऊन पुढे कधीतरी भारात तडकतो. वेल्डच्या जागेवरचे क्रोम आधी ग्राइंड करून काढले, रॉडचे टोक आणि डोळा गॅसने सुमारे २०० अंशांपर्यंत गरम केले, भट्टीत वाळवलेल्या लो हायड्रोजन वेल्डिंग रॉडने जोड भरला आणि वेल्डिंग संपताच तो भाग राखेत पुरून रात्रभर ठेवला. उरलेल्या रॉडला ठिणग्यांपासून वाचवण्यासाठी ओल्या गोणपाटाऐवजी कोरडा पत्रा गुंडाळला होता. गरम भागाजवळ पाणी नको होते.

२१ एप्रिल, सोमवार

सील किट आणले. रॉड सील पॉलियुरेथेनचे, आत ३२, बाहेर ४२, उंची १० मिमी; जोडीला वायपर (रॉडवरची माती पुसणारे सील), पिस्टन सील, गाइड रिंग आणि ओ-रिंग. दुकानात ‘या नांगराचे किट’ असे मागू नये, खाचेचे माप घेऊन जावे. सारख्या दिसणाऱ्या दोन नांगरांच्या सिलिंडरच्या खाचा वेगळ्या असतात.

२२ एप्रिल, मंगळवार

जुळवणी. बाक धुऊन त्यावर नवे वर्तमानपत्र अंथरले आणि वर्कशॉपमधले ग्राइंडर दिवसभर बंद ठेवले.

रॉड सील एक बाजू आत दाबून, ग्लँडच्या तोंडातून आत नेऊन खाचेत सोडले आणि बोटाने सर्व बाजूंनी बसवले. स्क्रूड्रायव्हर वापरला नाही. ओठ तेलाकडे, म्हणजे पिस्टनकडे. वायपरचे ओठ बाहेर, मातीकडे. पिस्टनचे सील आधी कोमट तेलात ठेवले, त्यामुळे ते खाचेवर चढवताना ताणून पांढरे पडले नाही. ग्लँड रॉडवर चढवताना आट्यांवर दुधाच्या पिशवीच्या जाड प्लास्टिकचा शंकू गुंडाळला आणि सीलला ट्रॅक्टरमध्ये आहे तेच तेल लावले. नंतर पिस्टन, त्याखालचा ओ-रिंग आणि नवा नायलॉक (आपोआप न सुटणारा) नट; रॉडच्या आट्यांचा व्यास आणि पोलादाची जात यांना जे मूल्य तक्त्यात आहे, तेवढ्या टॉर्कने आवळला. हा नट सुटला तर सिलिंडरच्या आत काय होते ते पाहण्याची कोणाला इच्छा नसावी.

पिस्टन बॅरलमध्ये सरकवताना आटे ओलांडेपर्यंत घाई केली नाही. ग्लँड हाताने शेवटपर्यंत फिरला, मग पाना लावून टेकवला आणि ग्रब स्क्रूखाली पितळी तुकडा घालून तो बसवला, म्हणजे पुढच्या माणसाला आटे न बिघडवता ग्लँड काढता येईल.

२३ एप्रिल, बुधवार

सांगाड्यावरचा तिरका कान कापून काढला आणि दोन्ही कानांच्या छिद्रांत पुन्हा सरळ सळया घालून, अंतर दोन्ही टोकांना सारखे आल्यावर टाके मारून मग पूर्ण वेल्ड केला. गार झाल्यावर पुन्हा मोजले. दोन्हीकडे ४०९ मिमी. सांगाड्यावर वेल्डिंग करताना सिलिंडर त्यावर जोडलेला नसावा. अर्थिंगचा चिमटा दूर लावलेला असला, तर वेल्डिंगचा करंट सिलिंडरमधून वाट काढतो आणि रॉडवर, जिथे तो ग्लँडला टेकतो तिथे, बारीक खड्डे पाडतो. नव्या रॉडचे असे नुकसान झालेले मी दुसरीकडे पाहिले आहे.

नवे बूश, नव्या पिना, नवे निपल.

२४ एप्रिल, गुरुवार

सिलिंडर जोडण्याआधी ट्रॅक्टरचे तेल पाहिले. मालकांनी गळतीच्या काळात जे हाती येईल ते वरून घातले होते, त्यात इंजिनमधून काढलेले काळे तेलही होते. या ट्रॅक्टरमध्ये गिअर, तेलातले ब्रेक आणि हायड्रॉलिक यांचे तेल एकच आहे, त्यामुळे तिथे घातलेली प्रत्येक गोष्ट शेवटी सिलिंडरच्या सीलपर्यंत पोहोचते. तेल बदलले, फिल्टर बदलला, क्विक कपलरना (पाइप जोडायच्या तोंडांना) माती अडवणारी टोपणे बसवली.

सिलिंडर बिनभाराचा, अगदी सावकाश, पूर्ण लांबीभर आत-बाहेर केला, तोवर मधे मधे टाकीतील पातळी पाहिली. आत हवा असताना जोरात दाब दिला, तर हवा आणि तेलाच्या वाफेचे मिश्रण दाबाने पेट घेते, डिझेल इंजिनमध्ये घडते तेच इथे सीलच्या ओठापाशी घडते आणि ओठ जळतो. नव्या सीलची पहिली दहा मिनिटे म्हणूनच महत्त्वाची असतात.

नंतर सांगाडा जोडून पलटी घेतली. आखडून शेवटाला टेकल्यावर लिव्हर धरून ठेवली, गेज १८० बारपर्यंत चढला आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) बोलू लागला. या दाबाला हा सिलिंडर सुमारे सव्वाचार टनांनी ओढतो आणि सुमारे पावणेसहा टनांनी ढकलतो. ग्लँड कोरडा राहिला. दाब काढून रॉडवर पांढरा कागद गुंडाळून पाहिला, त्यावर तेलाचा फिकट ओलावा आला. एवढा ओलावा हवाच. पूर्ण कोरड्या रॉडवर सील घासून जाते.

२६ एप्रिल, शनिवार

नांगर मालकांच्या रानात चालवून पाहिला. काळी जमीन, खोडव्याचे बुडखे, दुपारचे कडक ऊन. बांधाशी वळताना सांगाडा पूर्वी मध्यावर अडखळून मग कलंडायचा, असे चालकाने आज सांगितले; ते अडखळणे हा सीलचा दोष आहे असे समजून त्याने ते तक्रारीत घातलेच नव्हते. आता पलटी एका दमात जाते. तिरक्या पिना सरळ झाल्याचा हा परिणाम आहे. संध्याकाळी रॉडवर धूळ होती, ती कोरडी होती, पुसल्यावर गाळ झाला नाही.

चालकाला ग्रीसगन देऊन सांगितले की दोन्ही पिनांना रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी, नवे ग्रीस बाहेर दिसेपर्यंत. “दादा, एवढं ग्रीस खाणारी पिन मी पहिल्यांदा बघतोय,” असे तो म्हणाला खरा, पण त्याने ते लिहून घेतले.

२८ मे, बुधवार

मे महिन्याच्या उत्तरार्धात पावसाने गाठले आणि मान्सूनही २६ तारखेलाच मुंबईत पोहोचला, त्यामुळे मालकांची राहिलेली नांगरट वाफशाअभावी तशीच राहिली आहे. नांगर शेडमध्ये ठेवण्याआधी पाहून यावे म्हणून गेलो. ग्लँड कोरडा, ट्रॅक्टरच्या तेलाची पातळी एप्रिलमध्ये होती तिथेच, पिनांमध्ये ग्रीस आहे. रॉड बाहेर ठेवूनच नांगर उभा केलेला होता. ट्रॅक्टर जोडून रॉड पूर्ण आत घेतला, डोळ्याजवळ जो इंचभर भाग उघडा राहतो त्यावर ग्रीस चोपडले आणि पाइपांची तोंडे टोपणे लावून सांगाड्याला बांधली.

गनमेटलचा बूश पुढच्या हंगामानंतर मोजायचा आहे. ग्लँड त्यासाठी काढावा लागेल, म्हणून रॉड सील आणि वायपरची एक जोडी मालकांनी आत्ताच घेऊन ठेवली. जुन्या रॉडच्या न गंजलेल्या टोकातून फाळांच्या खुंट्यांसाठी पिना निघतील, तो लेथवाल्याकडे दिला आहे.